हाताची ओढ, धक्क्याची ओढ

हे मनन चालत्या गाडीत करायचं नाही. गाडी उभी हवी, इंजिन बंद हवं, हँडब्रेक ओढलेला हवा. गाडी जवळ नसेल तर मनातच एक उभी करा. समजा ती राजापूर तालुक्यात ओणीला आहे, मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला, जिथून पाचलवरून अणुस्कुरा घाटाकडे जाणारा रस्ता फुटतो. पावसाची एक सर नुकतीच येऊन गेली आहे. चहाच्या टपरीसमोर आणखी काही गाड्या लागल्या आहेत. कोणी उतरतंय, कोणी चढतंय, दारं उघडताहेत, लागताहेत. तुम्हाला कुठे पोचायची घाई नाही. पुढचा अर्धा तास एका दारासाठी आहे.

चालकाच्या शेजारच्या सीटवर बसा. डाव्या हाताला दार आहे. आतलं हँडल शोधा, पण न बघता, हातानं. ते सापडतंच, बोटं आपोआप तिथे जातात. ओढू नका, नुसतं धरून ठेवा.

हे हँडल आजवर कोणाकोणाच्या हाती आलं असेल ते आठवा. शाळेतून परतणारी मुलं. गुडघे दुखणारी आजी. वाटेत हात करून चढलेला अनोळखी माणूस. गणपतीला मुंबईहून आलेली माणसं, हातात पिशव्या आणि मांडीवर मूल. त्यातल्या प्रत्येकाला हे दार उघडता आलं. कोणाला शिकवावं लागलं नाही, कोणाला जास्तीचा जोर लावावा लागला नाही.

आता हँडल ओढा. अगदी सावकाश. सुरुवातीला ते थोडं मोकळंच येतं. मग किंचित अडतं. मग बोटांना एक बारीक सुटका जाणवते आणि दार सैल होतं. खाली उतरून दार लावा आणि बाहेरचं हँडलही असंच ओढून बघा. किती जोर लागला? दोन बोटांना पुरेल एवढा. हा जोर बोटांत नीट लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या विचाराचं माप तोच आहे.

आकडा, खटका आणि कडी

दार पूर्ण उघडा आणि त्याच्या मागच्या कडेकडे, जवळ वाकून बघा. पत्र्यात एक खाच दिसेल. खाचेच्या आत ग्रीस लागलेला, काळपट, पोलादी आकडा आहे. त्याच्या समोर गाडीच्या खांबावर जाड सळईची एक कडी घट्ट बसवलेली आहे. दार लागतं तेव्हा ही कडी खाचेत शिरते, तिच्या रेट्यानं आकडा फिरतो आणि कडीला कवेत घेतो. आकड्यामागे, सहसा नजरेला न पडणारा, एक छोटा खटका असतो. आकडा फिरला की तो स्प्रिंगच्या जोरानं आकड्याच्या दातात जाऊन बसतो आणि त्याला परत फिरू देत नाही. या सगळ्या जोडणीला अभियंते लॅच म्हणतात, गॅरेजमध्ये तिला सरळ लॉक म्हणतात.

हे हलताना बघायचं असेल तर एक स्क्रू-ड्रायव्हर घ्या. दार उघडंच ठेवून आकडा हलक्या हातानं आत ढकला. टक. थांबा. हा पहिला दात. आणखी ढकला. टक. हा दुसरा. आता आकडा मागे ओढून बघा. तो हलत नाही. लगेच दार लावायला जाऊ नका, ते कडीवर आपटेल. आधी हँडल ओढा, आकडा मोकळा झाला की मग लावा.

पहिल्या दातावर असलेलं दार लागल्यासारखं दिसतं, पण लागलेलं नसतं. मागच्या सीटवरच्या पोराला आपण ‘दार नीट लाव’ म्हणतो, तेव्हा ते बहुतेक वेळा तिथेच अडकलेलं असतं. तो दात मुद्दाम ठेवलेला आहे. माणूस कधीतरी दार अर्धवट लावणारच, हे ज्यानं लॅच आखलं त्यानं मान्य केलेलं आहे, आणि त्या अर्धवट दारानंही निदान तग धरावा याची सोय करून ठेवली आहे.

ही पकड किती मोठी आहे ते मनात येऊ द्या. वाहनांसाठी जे जागतिक तांत्रिक नियम संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत झाले, त्यांतला क्रमांक १ चा नियम दाराच्या लॅचचा आणि बिजागऱ्यांचा आहे. तो १८ नोव्हेंबर २००४ रोजी ठरला. त्याप्रमाणे पूर्ण लागलेल्या लॅचनं गाडीच्या लांबीच्या दिशेनं ११,००० न्यूटन आणि दार उघडण्याच्या दिशेनं ९,००० न्यूटन ओढ सोसली पाहिजे. पहिल्या दातावर असताना ४,५०० न्यूटन. नऊ हजार न्यूटन म्हणजे सुमारे ९०० किलो वजन टांगल्यावर बसेल तेवढी ओढ. तळहातात मावणारा हा भाग एवढं धरतो, कारण आकडा आणि खटका अशा कोनात ठेवलेले असतात की बाहेरची ओढ खटक्याला उचलत नाही. चांगल्या लॅचमध्ये तर ओढ वाढेल तसा खटका दातात अधिकच घट्ट बसतो.

आता इथे थांबा आणि दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवा. एका बाजूला ९०० किलोची ओढ, जिला हे लॅच दाद देत नाही. दुसऱ्या बाजूला तुमच्या दोन बोटांचा जोर, ज्यानं ते मुकाट्यानं सुटतं. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही असायलाच हवं. दाराची ताकद कमी पडण्याची भीती त्यामानानं लहान आहे. मोठी भीती वेगळी आहे. आघाताच्या क्षणी दाराला वाटेल की हा कोणाचा तरी हात आहे.

एक दशांश सेकंद

पुन्हा सीटवर बसा. दार लावा, दोन्ही टक ऐका. पट्टा लावा. आता मनातल्या मनात गाडी सुरू करा.

ओणीहून राजापूरकडे उतरणारा रस्ता डोळ्यांसमोर आणा. महामार्ग चौपदरी झाल्यापासून गाड्या वेगात जातात. पण वाड्यांमधून येणारे फाटे, सड्यावरून घरी परतणारी गुरं, दुचाकीवरचं कुटुंब, शेताकडे निघालेली माणसं, हे सगळं पूर्वीसारखंच मध्ये येऊन मिळतं. अशाच एका फाट्यावर डावीकडून एक गाडी येते. रस्ता ओला आहे. तिला थांबता येत नाही.

घाबरू नका. मननात काळ आपल्या हाती असतो. आपण तो इथेच धरून ठेवू आणि थोडा थोडा पुढे सोडू.

पहिल्या काही हजारांश सेकंदांत त्या गाडीचा बंपर तुमच्या दाराला टेकतो. पत्रा आत येऊ लागतो. दाराच्या आतली आडवी पोलादी तुळई भार घेऊ लागते. तुमची गाडी उजवीकडे ढकलली जाते. गाडीला जे जे पक्कं जोडलेलं आहे ते तिच्याबरोबर उजवीकडे जातं. जे सैल आहे ते मात्र होतं तिथेच राहू पाहतं. डॅशबोर्डवरचा मोबाइल मागे राहतो. तुमचं डोकं मागे राहतं. आणि बाहेरचं हँडल?

हँडल दारात बसवलेलं आहे, पण एका दिशेला मोकळं आहे. बाहेरच्या. तेवढं मोकळं नसतं तर ते हँडलच नसतं. गाडी उजवीकडे सरकते, हँडल मागे राहू पाहतं. दाराच्या जागेवरून बघितलं तर ते डावीकडे, म्हणजे बाहेर, येतं. आत्ता तिथे कोणी उभं नाही, कोणी हात लावलेला नाही. तरी हँडल ओढलं जातंय.

किती जोरानं? लॅच आणि हँडल यांची परीक्षा गुरुत्वाकर्षणाच्या तीसपट त्वरणाला घेतात. हँडलचा हलणारा भाग १५० ग्रॅमचा धरला, तर त्या क्षणी तो साडेचार किलोच्या वजनासारखा बाहेर ओढला जातो. मघाशी बोटांत साठवलेला जोर आठवा. साडेचार किलो त्याच्या आसपास सहज जातात. म्हणजे जो आकडा नऊशे किलोंना हटला नसता, तो हँडलच्या स्वतःच्या दीडशे ग्रॅमनं सुटू शकतो.

दार उघडलं तर काय होतं, ते थोडक्यात बघू आणि तिथून पुढे जाऊ. बंद दार गाडीच्या कुशीचा आधार असतं. ते गेलं की ती बाजू दुबळी होते, आणि पट्टा न लावलेला माणूस बाहेर फेकला जातो. बाहेर रस्ता आहे, दुभाजक आहे, दुसऱ्या गाड्यांची चाकं आहेत.

आणि हे सारं आटोपायला साधारण एक दशांश सेकंद लागतो. पापणी मिटून उघडेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. या वेळात चालक काही करू शकत नाही. शेजारचा काही करू शकत नाही. आईचा हात मुलापर्यंत पोचत नाही. त्या क्षणी जे व्हायला हवं ते त्याआधीच, कुठल्यातरी निवांत दुपारी, कोणीतरी करून ठेवलेलं असावं लागतं.

या वाक्यापाशी हवा तेवढा वेळ बसा.

उलट बाजूचं वजन

आता ती निवांत दुपार बघू. जागा पुण्याची, पिंपरी-चिंचवडची किंवा चाकणची. या पट्ट्यात गाड्या तयार होतात आणि त्यांची लॉक आणि हँडलंही तयार होतात. कोथरूडच्या टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, इथल्या वाहनांच्या चाचण्या घेत आली आहे. राजापूर, लांजा, संगमेश्वरातून शिकायला बाहेर पडलेली कितीतरी मुलं याच कारखान्यांमध्ये आणि त्यांच्या आखणी विभागांत नोकरीला आहेत. त्यांच्यापैकी एकाच्या शेजारी बसा. त्याच्यासमोर पडद्यावर एक हँडल आहे.

पहिला विचार सोपा. स्प्रिंग कडक करू. हँडल बाहेर यायला इतका जोर लागू दे की धक्क्याला ते जमणारच नाही. पण मग ते आजीलाही जमणार नाही, लहान मुलाला जमणार नाही. रोज उघडताना कुरकूर होईल. दाराला घट्ट करून सुरक्षित केलं तर ते दार म्हणून बिघडतं. स्प्रिंग थोडी मदत करते, सगळं काम तिच्यावर टाकता येत नाही.

दुसरा विचार अधिक खोल आहे. कोकणातल्या विहिरींवरची लाट ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो लगेच कळेल. आडव्या लांब लाकडाच्या एका टोकाला पाण्याचं भांडं आणि दुसऱ्या टोकाला बांधलेला दगड. दगड भांड्याचा भार तोलून धरतो, म्हणून एकटी बाईसुद्धा बागेला पाणी काढू शकते. हँडलमागे, पत्र्याच्या आत, असंच एक छोटं धातूचं वजन तरफेवर बसवतात. हँडल बाहेर आलं की तरफ एका बाजूला फिरते आणि खटका उचलते. वजन तरफेच्या अशा टोकाला असतं की ते त्याच दिशेला फेकलं गेलं तर तरफेला उलट फिरवतं.

आता मघाचा धक्का परत आणा. गाडी उजवीकडे ढकलली जाते. हँडल मागे राहू पाहतं आणि तरफेला उघडण्याकडे ओढतं. पण ते वजनही मागे राहू पाहतं आणि तरफेला मिटण्याकडे ओढतं. दोन्ही ओढी एकाच वेळी येतात, एकाच कारणानं येतात आणि एकमेकींना फेडून टाकतात. तरफ जागची हलत नाही. खटका दातात राहतो. दार लागलेलं राहतं.

आणि कोणी हातानं हँडल ओढलं तर? हात वजनाला ओढत नाही, फक्त हँडलला ओढतो. त्या ओढीला उलट बाजूनं उत्तर द्यायला कोणी नसतं. थोडी स्प्रिंग अडते, खटका उचलला जातो, दार उघडतं.

हे सावकाश पुन्हा एकदा मनात फिरवा. धक्का दोघांना ओढतो, हात एकालाच ओढतो. एवढ्या एका फरकावरून हे दार हात आणि आघात वेगळे ओळखतं. त्यासाठी त्यात संगणक नाही, वीज नाही, सेन्सर नाही. आहे तो अंदाज घेऊन, हिशेब करून, योग्य अंतरावर बसवलेला धातूचा एक तुकडा.

तो तुकडा किती वजनाचा असावा, यात त्या अभियंत्याचे आठवडे जातात. हलका पडला तर हँडल जिंकतं. भारी झाला तर उलट्या दिशेच्या धक्क्यात तोच हँडलला बाहेर ढकलतो. कारण धक्का एकाच दिशेनं येत नाही. गाडी ढकलली जाते, कशावर तरी आपटते, परत फिरते. घाटात ती कड्याच्या बाजूला घासते, गडग्यावर आदळते, कधी उलटते. म्हणून काही रचनांमध्ये आणखी एक छोटा अडसर ठेवतात. जोराचा हिसका बसला की तो स्वतःहून मध्ये येतो आणि हँडलची वाट अडवतो. पण हिसका उलटला की हा अडसर मागे सरकू नये, याचाही विचार करावा लागतो.

मग पत्र्याचा विचार येतो. दार आत चेपलं की हँडल आणि लॅच यांच्यातलं अंतर बदलतं. त्यांना जोडणारा दांडा कडक असेल तर पत्र्याबरोबर तोच ढकलला किंवा ओढला जाऊन खटका उचलू शकतो. म्हणून अनेक गाड्यांत दांड्याऐवजी लवचिक केबल असते. तिला थोडी ढील ठेवतात, ती दाराच्या आतून अशी फिरवतात की पत्रा वाकला तरी ती ताणली जाणार नाही. हँडल ओढताना सुरुवातीला जाणवलेली ती मोकळी चाल आठवा. तिच्यात अशा ढिलीचाही वाटा असतो.

आता त्या वजनाकडे शेवटचं एकदा बघा. बहुतेक गाड्यांमध्ये त्याला आयुष्यात एकदाही काम पडत नाही. दहा-पंधरा वर्षं ते दारात बसून असतं. गाडी भंगारात जाते तेव्हा तेही जातं. गाडीच्या मालकाला ते होतं हे कधी कळत नाही. ज्यानं ते बसवलं त्यालाही कोणाचा जीव वाचला की नाही हे कधी कळत नाही. तरी प्रत्येक दारात ते बसवावं लागतं, कारण नेमकं कुठलं दार कुठल्या फाट्यावर मार खाणार हे आधी कोणालाच माहीत नसतं. अनोळखी माणसाची काळजी घेण्याचा हा एक प्रकार आहे. तो भावनेवर थांबत नाही, ग्रॅम आणि मिलिमीटरपर्यंत जातो.

हे कोणी शिकवलं

पूर्वी दारं अशी नव्हती. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं रस्त्यावर आणलेल्या जुन्या फियाट ११०० ला आपले लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला होत्या. चालत्या गाडीत असं दार निसटलं की समोरचा वारा त्यालाच आणखी उघडत नेणार. त्या काळच्या अनेक गाड्या अशाच होत्या, आणि त्यात कोणाला वावगं वाटत नसे.

१९५० च्या दशकात अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अपघातांच्या नोंदी चिकाटीनं गोळा केल्या. गाडी कशी चेपली, दार उघडलं का, माणूस आत होता की बाहेर सापडला. आत राहिलेल्यापेक्षा बाहेर फेकल्या गेलेल्याचा धोका कितीतरी मोठा असतो, हे त्या नोंदींतून पक्कं झालं. १९५६ च्या मॉडेलांपासून तिथल्या कारखान्यांनी दाराला दुहेरी पकडीची लॅच बसवायला सुरुवात केली. जर्मनीत बेला बारेनी या अभियंत्याच्या विचारातून घडलेलं सुरक्षित दार-कुलूप मर्सिडिज-बेंझच्या १९५९ सालच्या गाड्यांत आलं. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत दाराच्या लॅचसाठी सक्तीचा नियम लागू झाला. नियमांमधला प्रत्येक आकडा असा कोणाच्या तरी मरणातून शिकलेला आहे. हे लक्षात ठेवलं की ‘न्यूटन’ हा शब्द रुक्ष वाटत नाही.

सुटका

आतापर्यंत आपण दार बंद राहावं असं म्हणत होतो. आता गाडी थांबली आहे. धूळ खाली बसते आहे. एक दशांश सेकंद संपला, आणि दाराकडून हवी असलेली गोष्ट बरोबर उलटी झाली. आता ते उघडलं पाहिजे.

कोकणात अपघात झाला की आधी कोण येतं? जवळच्या वाडीतली माणसं. त्यांच्याजवळ कापण्याची यंत्रं नसतात. हात असतात, फार तर पहार किंवा कोयती. त्या हातांना पकडायला काहीतरी सापडलं पाहिजे. वर-खाली, तिरकं, गाडी कुशीवर पडलेली असेल तरी मूठ भरून धरता येईल आणि अंगाचा सगळा भार टाकून ओढता येईल, असं हँडल त्या वेळी फार मोलाचं असतं.

नियमानंही हे मानलं आहे. भारतात एआयएस-०९८ आणि एआयएस-०९९ या समोरून आणि बाजूनं होणाऱ्या धडकेच्या चाचण्या नव्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१७ पासून आणि सगळ्याच नव्या गाड्यांना ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाल्या. अशा चाचणीत धडकेदरम्यान एकही दार उघडायचं नाही. धडकेनंतर मात्र माणसांना बाहेर काढण्यापुरती दारं कुठल्याही हत्याराशिवाय उघडली पाहिजेत. एकाच दाराकडून एका क्षणाच्या अंतरानं दोन उलट गोष्टी मागितल्या आहेत, आणि दोन्ही मागण्या रास्त आहेत.

आता पाण्याचा विचार करा. राजापूरकरांना तो करायला सांगावं लागत नाही. अर्जुना आणि कोदवली या नद्या चढल्या की पाणी जवाहर चौकात येतं, हे तिथलं लहान मूलही सांगेल. दार मीटरभर रुंद धरलं आणि पाणी दाराच्या खालच्या कडेपासून अर्धा मीटर वर आलं, आत अजून कोरडं असलं, तर दारावर बाहेरून सुमारे सव्वाशे किलोचा रेटा असतो. लॅच सुटलं तरी दार ढकलत नाही. म्हणून पाणी चढू लागलं की सामानाचा विचार न करता, काचा खाली होताहेत तोवरच बाहेर पडायचं.

काही वेळा मात्र दाराच्या हातात काहीच उरत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात कोसळला. वाहून गेलेल्या दोन एसटींपैकी एक राजापूर-बोरिवली होती. त्या माणसांसाठी जे करायला हवं होतं, तेही निवांत वेळीच, पुलाच्या बाबतीत करून ठेवायला हवं होतं. त्यांना क्षणभर आठवा.

नव्या गाड्यांत आणखी एक गोष्ट आली आहे. पत्र्याच्या आत लपलेलं, बटणावर किंवा विजेवर बाहेर येणारं हँडल. दिसायला ते सुंदर असतं. पण आघातात बॅटरीचा पुरवठा तुटला तर ते बाहेर येईल का? आतल्या माणसाला विजेशिवाय उघडायची तार सापडेल का? धावत आलेल्या शेतकऱ्याला कुठे धरायचं ते कळेल का? चीननं २०२६ च्या सुरुवातीला याबद्दल सक्तीचा नियम जाहीर केला. १ जानेवारी २०२७ पासून तिथल्या नव्या मॉडेलांना आतून आणि बाहेरून विजेशिवाय दार उघडण्याची सोय द्यावी लागणार आहे.

आपला वाटा

अभियंत्यानं त्याचा वाटा उचलला. उरलेला आपल्याकडे आहे, आणि त्याचीही वेळ हीच आहे, गाडी उभी असतानाची.

दाराच्या खाचेत बोट फिरवा. कोकणात पावसाळ्यात दमटपणा आणि एरवी जांभ्याची लाल धूळ ग्रीसमध्ये मिसळून घट्ट राप बसतो. मग खटका दातात पडायला उशीर करतो आणि दार पहिल्या दातावरच राहतं. खाच पुसून घ्या, सर्व्हिसिंगच्या वेळी लॅच साफ करून ग्रीस करायला सांगा. दार लावताना हिसडा मारावा लागत असेल तर सवय करून घेऊ नका, दाखवा.

हँडलवर क्रोमचं चकाकतं कव्हर चिकटवलं असेल तर त्याचा विचार करा. आतल्या वजनाचा हिशेब मूळ हँडलसाठी केलेला आहे. कव्हरचे वाढलेले ग्रॅम तीसपट होऊन उघडण्याच्या बाजूला जातात, मिटणाऱ्या बाजूला काही वाढत नाही. हँडल तुटलं तर नुसतं दिसायला सारखं असलेलं स्वस्तातलं लावू नका. पत्र्याआड त्याचं वजन आहे की नाही, हे तुम्हाला बाहेरून दिसणार नाही.

आतून दार लॉक केलं म्हणजे ते अधिक घट्ट धरलं जातं, अशी समजूत असते. दाराला धरतो तो आकडा, आणि तो लॉक केलं काय, न केलं काय, तसाच असतो. लॉक फक्त हँडलचा खटक्याशी असलेला संबंध तोडतं. मागच्या दारांचा चाइल्ड लॉकही तेवढंच करतो, आतल्या हँडलपुरतं. मूल मागे बसलं असेल तर तो लावा, आणि तो लावलाय हे पुढच्या मोठ्या माणसाला माहीत असू द्या, म्हणजे वेळ आली तर बाहेरून उघडायचं लक्षात राहील.

आणि पट्टा, मागच्या सीटवरही. बंद दार माणसाला बाहेर जाऊ देत नाही, पण आतल्या आत आदळू देतं. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबर मागे बसलेले सहप्रवासी गेले. दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. दार आणि पट्टा मिळूनच एक काम पूर्ण होतं.

कधी नवी गाडी घ्यायला गेलात तर विक्रेता पडद्याचा आकार दाखवेल, सनरूफ उघडून दाखवेल. ते बघा, आणि मग त्याला दारापाशी न्या. बॅटरी गेली तर हे दार आतून कसं उघडायचं? बाहेरून कसं? मागचं कसं? उत्तर तोंडी घेऊ नका, करून दाखवायला लावा. गाडी घरी आली की आजीपासून लहानग्यापर्यंत सगळ्यांना ते एकदा स्वतःच्या हातानं उघडायला लावा. दाराबद्दल विचारणारी गिऱ्हाइकं वाढली, तर खर्च वाचवायला बसलेल्या कोणाचंही बोट त्या हँडलमागच्या छोट्या वजनाकडे वळणार नाही.